लिऑनचं हवामान

देवदत्त खांबेट्यांची वेबसाइट जगात तीन माणसं वाचायची आणि त्यातले एक ते स्वतः होते, असं सीमाताईंचं म्हणणं होतं. खांबेट्यांना हे मान्य नव्हतं. पानाच्या तळाशी भेटी मोजणारा आकडा होता, तो रोज वाढत होता. आकडा खोटा नव्हताच. फक्त टोरोंटोच्या स्कारबरोतल्या त्यांच्या बंगलीत रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर तो वाढायचा, आणि खारी संपेपर्यंत आणखी एकदोनदा.

उरलेल्या दोघांपैकी एक नागपूरचे निवृत्त हेडमास्तर होते. दुसरा दिलीप, खांबेट्यांचा महाराष्ट्र मंडळातला चाळीस वर्षांचा मित्र. तो शपथेवर सांगायचा की मी वाचतो. त्याला कथेतलं काही विचारलं की मात्र म्हणायचा, "लेखकराव, शेवट जबरदस्त." सगळ्या कथांना शेवट असतोच, त्यामुळे तो कधी पकडला गेला नाही.

खांबेटे मूळचे मिरजेचे. सांगलीला इंजिनियर झाले, पंचाहत्तर साली कॅनडात आले आणि निवृत्तीपर्यंत मोठमोठ्या इमारती उबदार ठेवण्याची डिझाइनं काढत राहिले. कुठली भट्टी, किती पाइप, कुठल्या खोलीत जमिनीला जाळी. टोरोंटोत आजही हजारो लोक त्यांनी आखलेल्या उबेत झोपतात, पण त्याबद्दल कोणी कौतुकाचं पत्र पाठवत नाही. म्हणून असेल, पन्नाशी उलटल्यावर खांबेटे कथा लिहायला लागले, आणि मासिकांनी त्या साभार परत केल्यावर त्यांनी स्वतःच वेबसाइट बांधली.

ती अजून तशीच होती. जांभळ्या रंगावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात लुकलुकणारी समई, वरून डावीकडे धावत जाणारं 'सुस्वागतम्'. सीमाताई म्हणायच्या, "अहो, उघडलं की लग्नाच्या बँडची गाडी आल्यासारखं वाटतं." त्यात कथा वाचायच्या तर आधी एक जुना मराठी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसला तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा. आणि तो फॉन्ट आता खांबेट्यांचा आणि हेडमास्तरांचा कॉम्प्युटर सोडून कुठे असेल याची खात्री नव्हती. थोडक्यात, त्यांनी बारा कथा जगासमोर उघड्या मांडल्या होत्या आणि त्या जगाला दिसत नव्हत्या.

पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा ऊर्मी म्हणाली, "बाबा, आय विल रीडू युवर साइट. बर्थडे गिफ्ट."

ऊर्मी त्यांची एकुलती मुलगी, चाळिशीला टेकलेली. मॉन्ट्रियालच्या एका कंपनीत ती अ‍ॅप्सचे स्क्रीन डिझाइन करायची आणि नदीपलीकडे लव्हालला राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. सीमाताईंशी अर्धा तास, मग "बाबांना दे." बाबांशी बर्फ किती पडला, विंटर टायर लावले का, गुडघा कसा आहे, संपलं. बापलेकीचं नातं हवामान खात्यासारखं होतं. बातमीपत्र न चुकता, वादळाचा उल्लेख करायचा तर तोही शांत आवाजात.

त्यामुळे ही भेट खांबेट्यांना फारच मोठी वाटली. त्यांनी दिलीपला सांगितलं, हेडमास्तरांना ईमेल केली, आणि सगळे पासवर्ड मुलीला देऊन टाकले. पासवर्ड एकच होता, तिचं नाव आणि जन्मसाल.  दुसऱ्या दिवशी तिनं तो बदलला.

"तुला वाचता येत नाही, मग काम कसं करशील गं?" त्यांनी विचारलं होतं.

"आय डोन्ट नीड टू रीड इट, बाबा. टेक्स्ट इज टेक्स्ट."

हे खांबेट्यांच्या पथ्यावरच पडणारं होतं. ऊर्मीला मराठी बोललेलं सगळं कळायचं, पण मंडळाचा रविवारचा मराठीचा वर्ग तिनं बाराखडीच्या आतच सोडला होता. आणि तिकडे गेलेल्या मराठी आईबापांची एक सवय आहे. बोललेलं मुलांना कळतं म्हणून त्यांच्या देखत एकमेकांना काही सांगायचं तर ते कागदावर मराठीत लिहून पुढे सरकवायचं. सायकल आणलीय, गॅरेजमध्ये आहे. आत्यानं पुन्हा तेच केलं. मुलं शेजारी बसून कॉर्नफ्लेक्स खात असायची आणि कागद त्यांच्या नाकासमोरून जायचा. लिहिलेली मराठी म्हणजे घरातलं कुलूप असलेलं कपाट होतं. खांबेट्यांनी त्या कपाटात बारा कथा ठेवल्या होत्या. त्यातली नववी ऊर्मीची होती.

जानेवारीत एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ऊर्मी नेहमीपेक्षा खुशीत दिसली. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या, सगळीकडे दिसणाऱ्या अक्षरांत बदलायची युक्ती तिला सापडली होती. पहिली कथा झाली होती.

"अँड गेस व्हॉट. मी पेज उघडलं ना, तर ब्राउझर म्हणाला, हे मराठी आहे, ट्रान्सलेट करू? मी यस म्हटलं. बाबा, आय रेड युवर स्टोरी. तो स्नोब्लोअरवाला अंकल, दॅट्स दिलीपकाका, राइट?"

ती हसत होती. सीमाताई हसत होत्या. खांबेट्यांनीही तोंड हसल्यासारखं केलं आणि चहाचा कप बशीऐवजी टेबलावर ठेवला.

"अनुवाद चांगला होतो?" त्यांनी विचारलं.

"इट्स ओके. थोडा रोबॉट. बट आय कॅन फॉलो. रोज एक करतेय."

रोज एक. खांबेटे उठून खिडकीशी गेले. बाहेर शेजारी ड्राइव्हवेतला बर्फ फावड्यानं ओढत होता. कुलूप होतं तिथेच होतं, पण कपाटाची मागची फळी कोणीतरी काढून नेली होती.

नवव्या कथेचं नाव 'लिऑनचं हवामान'. ती का लिहिली हे कळायचं तर वीस वर्षं मागे जावं लागतं.

ऊर्मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरी परत आली ती परत गेलीच नाही. बेसमेंटमधल्या खोलीत झोपून राहायची. जेवायची नाही, फोन घ्यायची नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. घरात त्या आजाराला नाव नव्हतं. सीमाताई "बरं नाहीये तिला" म्हणायच्या, खांबेटे तेवढंही म्हणायचे नाहीत. मंडळाच्या पिकनिकला दिलीपनं सहज विचारलं, "ऊर्मी दिसली नाही?" आणि खांबेट्यांच्या तोंडून निघून गेलं, "फ्रान्सला गेलीय. एक्सचेंजवर. लिऑनला."

लिऑनच का, तर ऑफिसात भट्टीचे बर्नर ज्या खोक्यांतून यायचे त्यांवर ते नाव असायचं. दुसरं काही त्यांना त्या शहराबद्दल माहीत नव्हतं. पण खांबेटे इंजिनियर होते, खोटंही नीट बांधायचे. ऑफिसात रोज लिऑनचं हवामान बघायचे. कोणी भेटलं आणि विचारलं, की सांगायचे: कालपासून पाऊस लागलाय तिकडे. ऊर्मीनं नवा कोट घेतला. दिलीपला तर त्यांनी तिथल्या चीजबद्दलही सांगितलं होतं.

मग गणपती आले. खांबेट्यांकडचा दीड दिवसाचा गणपती मंडळात सगळ्यांना ठाऊक. आरतीला माणसं मावायची नाहीत. आणि ऊर्मी खाली होती. दुपारी सीमाताईंनी तिच्या खोलीचा दिवा बंद केला, बेसमेंटचं दार ओढून घेतलं आणि त्याला टेकून बुटांचा स्टँड ठेवला. लिऑनमधली मुलगी वर आली असती तर अवघड झालं असतं.

या गोष्टीत खांबेट्यांना सगळ्यात टोचणारा भाग त्यांच्या धंद्यातला होता. बैठकीच्या खोलीत कोचाजवळ जमिनीला गरम हवेची जी जाळी होती, तिचा पाइप सरळ खालच्या खोलीच्या छताशी उतरत होता. सप्टेंबरात भट्टी बंद. बंद पाइपातून आवाज टेलिफोनसारखा जातो, हे त्यांनी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा समजावलं होतं. तरी आरतीनंतर कोचावर बसलेल्या दिलीपनं "काय म्हणतंय फ्रान्स?" विचारलं, तेव्हा त्यांनी त्या जाळीवर उभं राहून सांगितलं, की मजेत आहे, थंडी सुरू झालीय, गणपतीत घरची आठवण येते म्हणत होती.

पुढे ऊर्मी बरी झाली. दुसरीकडे शिकली, मॉन्ट्रियालला गेली, तिकडचीच झाली. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोललं नाही. चार वर्षांनी खांबेट्यांनी कथा लिहिली, तीही मुलीच्या बाजूनं: अंधारात पडलेली मुलगी, छताच्या जाळीतून येणारी आरती, पावलं, आणि बापाच्या आवाजातली आपली बातमी. हेडमास्तरांनी कळवलं, की वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. ती खांबेट्यांची सगळ्यात चांगली कथा होती, आणि शेवट तर दिलीपला खरंच आवडला असता. शेवटी पाहुणे अजून वर असताना बाप मोदकाचं ताट घेऊन जिना उतरतो, अंधारात मुलीशेजारी बसतो आणि म्हणतो, "लिऑनला फार थंडी आहे का गं?" मुलगी हसते.

आता ती कथा काढून टाकायला हवी होती. पण नवा पासवर्ड ऊर्मीकडे होता.

"ती नववी राहू दे," त्यांनी तिला फोनवर सांगितलं. "कच्ची आहे."

"बाबा, दॅट्स द ओन्ली वन विथ कॉमेंट्स. तुझ्या गेस्टबुकात कोणी हेडमास्टर आहे, त्यानं तिच्यावर चार लिहिल्यात. आय वॉन्ट इट ऑन द होमपेज."

"सुधारून पाठवतो मग. नवी आल्याशिवाय जुनीला हात लावू नको."

"ओके, ओके. लेखकराव." दिलीपकाकाचा शब्द तिनं अगदी त्याच्या सुरात म्हटला.

पुढचे आठ-दहा दिवस खांबेटे सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटले. मुलीचा त्यांनी पुतण्या केला. बापाचा काका केला. लिऑन खोडून लिस्बन घातलं. गणपतीऐवजी दिवाळी. मराठीत मुलीचा मुलगा करणं म्हणजे घर हलवण्यासारखं आहे, एकही क्रियापद जागेवर राहत नाही. मध्येच एखादी 'ती' सुटायची आणि अंधारात पुतण्याशेजारी कोणीतरी आणखी झोपल्यासारखं व्हायचं.

सीमाताई मागून वाचत उभ्या राहिल्या. वेबसाइट त्यांनी कधीच वाचली नव्हती. घरात तेवढ्या गोष्टी पुरतात, म्हणायच्या. ही मात्र त्यांनी उभ्यानं वाचली.

"पुतण्या कुठला हा?"

"काल्पनिक आहे."

"आणि ताट घेऊन कोण गेलं?"

"कथेत काका जातो."

"हो का," सीमाताई म्हणाल्या. "मला वाटलं मी गेले होते. पाहुणे गेल्यावर. गार झालेल्या दोन मोदकांचं." आणि त्या डाळ भिजत घालायला निघून गेल्या.

खांबेट्यांनी पुतण्या पाठवून दिला. उत्तर आलं नाही. त्या रविवारी फोनवर ऊर्मी आईशी बोलली आणि "बाबांना दे" म्हणाली नाही. पुढच्या रविवारी फोनच आला नाही. खांबेट्यांनी मेसेज टाकला: तिकडे उणे अठरा दिसतंय, टायर ठीक आहेत ना. दोन निळ्या खुणा आल्या, बाकी काही नाही. जुनी साइट बंद झाली होती आणि नवी आली नव्हती. सकाळी चहा घेताना खांबेट्यांना उघडायला काही उरलं नव्हतं. दोन दिवस ते खारीशिवाय उठले.

तिसऱ्या शनिवारी अकराच्या सुमाराला ऊर्मीची गाडी ड्राइव्हवेत येऊन उभी राहिली. लव्हालहून निघायचं म्हणजे अंधारात उठावं लागतं. तिनं बूट काढले, आईला मिठी मारली, "हाय बाबा" म्हणाली आणि कोट अंगावर तसाच ठेवून बेसमेंटचं दार उघडून खाली गेली.

सीमाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मेथी निवडते," आणि स्वयंपाकघरात गेल्या.

भट्टी मोठ्या आवाजात चालू होती. अचानक ती थांबली. खाली थर्मोस्टॅट कोणीतरी बंद केला होता.

"बाबा." कोचाच्या पायाशी आवाज आला. "ऐकू येतं?"

खांबेटे जाळीपाशी गेले. मग गुडघ्याला हात लावत कोचावर बसले. "येतं."

"मला पण. परफेक्ट. तू श्वास घेतोयस ते पण. गुड इंजिनियरिंग."

खांबेट्यांनी पाय जाळीवरून बाजूला घेतले.

"तू मला पुतण्या केलास," आवाज म्हणाला. "आय रेड बोथ. तू म्हणालास हात लावू नको, आणि मला वाटलं, का बरं? सो आय रेड द ओल्ड वन फर्स्ट."

"ऊर्मी, ती कथा आहे."

"आय नो. इट्स गुड, बाबा. दॅट्स द प्रॉब्लेम. मला वाटलं नव्हतं तुला माहीत असेल. ती पावलं. दिलीपकाकाचं हसणं. त्या पंख्यासारखा आवाज करणाऱ्या टाळ्या. एव्हरीथिंग मला ऐकू येत होतं ते सगळं तू लिहिलंस. म्हणजे तुला माहीत होतं की मला ऐकू येतंय." तिचा आवाज चढला नाही. पाइपातून आवाज चढला तर घुमतो. हा अगदी सपाट आला. "वर उभं राहून तू वेदर सांगत होतास, आणि तुला माहीत होतं."

"होतं," खांबेटे म्हणाले.

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ओके. दॅट आय कॅन... ते मी बघेन. पण तू खाली का आलास?"

"कधी?"

"स्टोरीत. तू ताट घेऊन आलास. तू जोक केलास. मी हसले. व्हाय?"

स्वयंपाकघरात मेथीचा आवाज थांबला होता. खांबेट्यांनी जाळीकडे बघितलं. तिच्या फटीत एक वाळलेली अक्षता अडकलेली होती, कुठल्या वर्षीची कोण जाणे.

"कथेला शेवट लागतो गं," ते म्हणाले.

"शेवट होता. आई आली. तू नाही आलास. तू माझ्याकडून स्वतःला माफ करून घेतलंस, बाबा, आणि मला विचारलंच नाहीस. नागपूरच्या कोणा माणसाला माहीत आहे मी तुला माफ केलं. मला माहीत नाही."

हे ती सगळं मराठीत म्हणाली. एक शब्द इंग्रजी नव्हता, आणि कुठे अडखळलीही नाही. बहुधा गाडी चालवताना साडेपाच तास तेच जुळवत आली असावी.

खांबेटे उठले. बैठकीच्या खोलीतून बेसमेंटच्या दारापर्यंत अंतर ते किती. दाराच्या चौकटीला धरून त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. लाकूड करकरलं.

"नको," खालून आवाज आला, या वेळी जिन्यातून. "आता उतरू नकोस. आता आलास तर ते धरलं जायचं नाही."

एक पाय पायरीवर आणि एक वर, असे ते उभे राहिले. गुडघा ठणकत होता. ती रडत होती की नाही ते तिथून कळत नव्हतं. जाळीपाशी असते तर कळलं असतं.

थोड्या वेळानं तीच वर आली. त्यांच्या शेजारून, अंग चोरून. हात धुतले, आईच्या समोर बसली आणि मेथी निवडायला लागली. जेवण झालं. जेवताना ती आईला ऑफिसातल्या कोणाची तरी गंमत सांगत होती. निघताना बूट घालत, खाली बघत म्हणाली, "साइट विल बी रेडी. स्टोरी काढू नकोस. जशी घडली तशी ठेव. आणि प्लीज, मला नेफ्यू करू नकोस. त्याला काही झालेलंच वाटत नाही."

ती गेल्यावर खांबेट्यांनी थर्मोस्टॅट पुन्हा चालू केला.

शेवट बदलायला त्यांनी फेब्रुवारी घालवला. बाप उतरत नाही, असं लिहिलं. मग त्याला वर बसून फार वाईट वाटतं, असं लिहून झालं, आणि ते वाचल्यावर लक्षात आलं की पुन्हा स्वतःला माफच करून घेतोय, फक्त दुसऱ्या दारानं. ते खोडलं. आई ताट घेऊन येते, हे लिहिलं. सीमाताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी आले ते तुमच्या कथेसाठी नाही." तेही खोडलं. खोडत खोडत कथा मागे सरकत गेली आणि एका जागी थांबली: वर आरती संपली आहे, कोणीतरी विचारतंय काय म्हणतंय फ्रान्स, आणि जाळीतून बापाचा आवाज येतो, मजेत आहे. पुढे काही नाही.

त्यांनी तेवढंच पाठवलं. ऊर्मीचं उत्तर एका शब्दाचं होतं: ओके.

पंचाहत्तरीच्या सकाळी नवी साइट उघडली. पांढरी, शांत, मोठ्या काळ्या अक्षरांची. समई नव्हती, सुस्वागतम् नव्हतं, भेटींचा आकडाही नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत, डिझाइन ऊर्मी खांबेटे. फॉन्ट उतरवायचा नाही, फोनवर बोट ठेवलं की दिसतं. सीमाताईंनी स्वतःच्या फोनवर उघडून बघितली आणि म्हणाल्या, "बँड गेला वाटतं." वाईटही वाटल्यासारखं म्हणाल्या.

मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनांचे फुगे उडाले. संध्याकाळी दिलीपचा फोन आला.

"लेखकराव, तुझी ती पहिल्या पानावरची कथा वाचली. खरंच वाचली, शपथ नको घालूस. पण ती मध्येच तुटतेय रे. पान पूर्ण उघडत नाहीये. पोरीला सांग."

"तुटत नाही. तेवढीच आहे."

"असं कसं? तो वर बोलतो आणि..."

दिलीप थांबला. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. 

"कोचावर मी होतो," दिलीप म्हणाला. "विचारलं मी होतं."

"हो."

"चीजचं पण मी सगळ्यांना सांगितलं होतं रे."

"हो."

दिलीपनं घसा साफ केला. त्याला आणखी काय विचारावं ते कळत नसावं, म्हणून त्यानं तेच विचारलं जे तो चाळीस वर्षं विचारत आला होता. "ऊर्मी कशी आहे आता?"

खांबेट्यांना उत्तर पाठ होतं. सकाळीच बघितलं होतं, लव्हालला उणे सात, दुपारनंतर हलका बर्फ, उद्या ऊन. जिभेवर आलंही होतं.

"ठाऊक नाही रे," ते म्हणाले. "कधी विचारलं नाही."

फोन ठेवून ते कोचावर बसले. पायाखालच्या जाळीतून गरम हवा येत होती. त्यांनी ऊर्मीचा नंबर काढला आणि रविवार नसताना लावला. तिकडे घंटा वाजत राहिली.